टेकडी, नदी आणि खिशातला कॅमेरा

फेरफटक्यातले निसर्गछायाचित्रण हा चालण्याचा जोडधंदा आहे. जंगल सफारीत गाडी, गाइड, आरक्षण आणि आधीच ठरलेला प्राणी असतो. इथे यातले काहीच नसते. सकाळी फिरायला निघालेल्या माणसाच्या खिशात फोन असतो. वाटेत टिटवी ओरडते, बहावा फुललेला दिसतो, रुईच्या पानावर अळी सापडते आणि फोटो निघतो. अशा फोटोंची सुरुवात हौसेतून होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते हौसेपुरतेच राहतात. मात्र जवळच्या जागेचा एक फायदा दूरच्या अभयारण्याला नसतो. तिथे पुन्हा पुन्हा जाता येते. एकच झाड पानगळीत, पालवीत, बहरात आणि शेंगांवर असताना टिपले गेले, की त्या चार साध्या फोटोंतून झाडाचे वर्ष हाती लागते. घराजवळच्या छायाचित्रणात उपकरणापेक्षा या पुनरावृत्तीला मोल असते.

याचे उदाहरण म्हणून पुणे घेता येते, कारण टेकड्या, नद्या आणि जुन्या बागा अशा तिन्ही जागा तिथे शहराच्या पोटातच आहेत.

शहरातल्या तीन जागा

पुण्याच्या पश्चिमेला चतुःशृंगी, हनुमान टेकडी, लॉ कॉलेज टेकडी आणि वेताळ टेकडी अशी रांग पसरली आहे. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असून शहराच्या हद्दीतल्या सर्वांत उंच जागांत त्याची गणना होते. दक्षिणेला पर्वती, तळजाई आणि पाचगावचा डोंगर आहे. खाली काळा बेसॉल्ट, वर मातीचा पातळ थर, त्यात गवत आणि पानझडी झाडे असे या टेकड्यांचे मूळ रूप. त्यात माणसाने लावलेल्या गिरिपुष्पाची भर पडली. हे झाड मध्य अमेरिकेकडचे. झटपट वाढते म्हणून वनीकरणात ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. फेब्रुवारीच्या सुमारास त्याला फिकट गुलाबी फुलांचे घोस लागतात आणि सगळी टेकडी फोटोत देखणी दिसते. पण या एकसुरी लागवडीखाली स्थानिक झाडाझुडपांना फारशी जागा उरत नाही, हे त्याच फोटोत जरा निरखून पाहिले तर कळते.

दुसरी जागा नदीची. मुठा खडकवासला धरणाकडून येते, मुळा मुळशीच्या बाजूने. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते आणि संगमावर मुळा व मुठा एकत्र येतात. तिथून मुळा-मुठा या जोडनावाने वाहत नदी पूर्वेला भीमेत जाते. सिंहगड रस्त्यालगत विठ्ठलवाडीच्या परिसरात नदीकाठाचे जुने रूप काही प्रमाणात शिल्लक आहे. वाळुंज, करंज, उंबर अशी पाण्यालगतची झाडे तिथे पाहायला मिळतात. येरवड्याजवळचा काठ डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य या नावाने ओळखला जातो. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट येथे जुना बंधारा आहे. हिवाळ्यात पक्षी टिपायला पुणेकर हमखास तिथे जातात.

तिसरी जागा बागांची. एम्प्रेस गार्डनमध्ये जुने वृक्ष आहेत आणि त्यांच्यावर चढलेली गारंबीची अजस्र वेल आहे. तिची खोडे झाडांइतकी जाड झाली आहेत. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. बागेत पक्षी माणसाला सरावलेले असतात, वाटा सपाट असतात आणि झाडांवर काही वेळा नावाच्या पाट्याही असतात. नवशिक्याने सुरुवात बागेतून करावी. काही उद्यानांत मोठ्या कॅमेऱ्याला किंवा ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. ती फाटकावरच विचारून घेतलेली बरी.

ऋतूंचे वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. तिघेही लाल-केशरी रंगाचे आणि त्या वेळी बहुधा निष्पर्ण, त्यामुळे लांबून घोटाळा होतो. पळसाची केशरी फुले पोपटाच्या चोचीसारखी वळलेली आणि कळ्यांचे देठ काळपट मखमली असतात. पांगाऱ्याच्या फांदीच्या टोकाला लालभडक फुलांचा लांबट तुरा येतो. काटेसावरीचे फूल पाच जाड पाकळ्यांचे, वाटीएवढे असते आणि कोवळ्या खोडावर शंकूच्या आकाराचे काटे असतात. ही फुले मधाने भरलेली असल्याने साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल आणि खारी तिथे गर्दी करतात. बहरलेल्या सावरीपासून थोड्या अंतरावर अर्धा तास उभे राहिले, तर अख्ख्या टेकडीवर हिंडून जेवढे पक्षी दिसणार नाहीत तेवढे एका झाडावर दिसतात.

एप्रिल-मे हे बहावा, नीलमोहर, गुलमोहर आणि ताम्हणाचे महिने. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल. त्याच्या जांभळ्या, चुरगळल्यासारख्या पाकळ्या कडक उन्हात पांढरट दिसतात. सकाळच्या कोवळ्या उजेडात त्यांचा खरा रंग येतो. दुपारी तापलेल्या हवेच्या लहरींमुळे नदीपलीकडचे काहीही धूसर येते. लेन्स कितीही भारी असली तरी त्यावर इलाज नाही. अंतर कमी करायचे किंवा सकाळी लवकर यायचे, एवढेच हाती असते.

पावसाच्या तोंडावर टेकडीवरच्या झाडीत नवरंगाची दोन सुरांची शीळ सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये कळलावी, पांढरी मुसळी, तेरडा आणि गवतातली बारीकसारीक फुले येतात. या दिवसांत ढगांमुळे उजेड पसरलेला असतो, सावल्या कडक पडत नाहीत. फुलांच्या फोटोला यापेक्षा चांगला उजेड दुसरा नाही. पाऊस ओसरला की गवत उंच होते, कोळ्यांची जाळी आणि फुलपाखरे वाढतात, बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. नोव्हेंबरपासून नदीवर धोबी, चक्रवाक आणि इतर हिवाळी पाहुणे उतरतात. मार्च सरेपर्यंत त्यांतले बरेचसे परततात.

उजेड आणि अवजार

सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तास या वेळात उजेड तिरका आणि उबदार असतो. सूर्य पाठीशी ठेवला तर पिसांचे रंग नीट येतात. सूर्य समोर ठेवला तर रंग जातात, पण गवताची कुसळे, पातळ पाने आणि कोळ्याची जाळी उजळून निघतात.

कॅमेऱ्याला पांढरा बगळा आणि काळा पाणकावळा यांतला फरक कळत नाही. समोरचे दृश्य सरासरी मध्यम उजेडाचे आहे असे धरून तो मोजमाप करतो. काळपट पाण्यावर बगळा उभा असेल तर पाणी उजळण्याच्या नादात कॅमेरा बगळ्याची पिसे पार जाळून टाकतो. तिथे केवळ पांढरा ठिपका उरतो. अशा वेळी फोनच्या पडद्यावर बगळ्यावर बोट टेकवून बाजूला येणारी सूर्याची खूण खाली ओढावी. पाणी जरा काळे पडेल, पण पीस न् पीस दिसेल. उजळ आकाशासमोर बसलेल्या पाणकावळ्यासाठी हेच उलट करायचे.

फोनची खरी ताकद जवळच्या वस्तूंत आहे. फूल, साल, शेवाळ, अळी, पाणथळीचे दृश्य हे फोन उत्तम टिपतो. दूरच्या पक्ष्यासाठी दोन बोटांनी पडदा ताणला, तर फोनची भिंगे जिथवर पोचतात त्यापलीकडे फोटो नुसता कापून मोठा केला जातो, नवा तपशील मिळत नाही. ज्यांना पक्ष्यांची ओढ आहे पण जड लेन्स बाळगायची नाही, त्यांच्यासाठी एकजीव लेन्सचे मोठ्या झूमचे कॅमेरे आले. निकॉनचा कूलपिक्स पी ९०० हा २०१५ साली आलेला कॅमेरा ८३ पट झूमसाठी गाजला. पुढे २०१८ मध्ये आलेल्या पी १००० ने तो आकडा १२५ वर नेला. या कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान असतात. त्यामुळे भर उजेडात ते कमाल करतात आणि झाडीच्या अंधारात थकतात.

फोनमधल्या दोन सोयी अभ्यासाच्या फोटोत घात करतात. एक, पोर्ट्रेट मोड. त्यात मागचा भाग गणिताने धूसर केला जातो आणि या हिशेबात फुलपाखराच्या मिशा, बारीक देठ, केसर यांची कडा खाल्ली जाते. दुसरी, रंग आपोआप भडक करणारी सजावट. हिरवा अधिक हिरवा आणि आकाश अधिक निळे झाले की फोटो छान दिसतो. पण रंगाच्या छटेवरूनच जिथे प्रजाती ओळखायची असते, तिथे त्याचा काही उपयोग राहत नाही.

काठावरचे पक्षी

नदीवर फोटो काढताना पक्ष्यामागे धावू नये. त्याची बैठक हेरावी. खंड्या याचा सोपा धडा देतो. तो बंधाऱ्यावरचा खांब, तार किंवा झुकलेली फांदी अशा ठरावीक जागांवरून पाण्यावर किंवा गवतावर नजर ठेवतो. सूर मारून भक्ष्य पकडले की पुष्कळदा त्याच जागी परततो आणि ते फांदीवर आपटून मग गिळतो. म्हणून तो उडाला तरी कॅमेरा हलवू नये. रिकाम्या बैठकीवर फोकस धरून थांबावे. लहान खंड्या सूर मारण्याआधी डोके वरखाली करतो. ही हालचाल दिसली की बटण दाबायची वेळ आली. उडता पक्षी स्थिर टिपायला शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लागतो. बसलेल्या पक्ष्याला त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा वेगही पुरतो.

उंची हा दुसरा मुद्दा. पुलावरून किंवा घाटाच्या पायरीवरून काढलेल्या फोटोत शेकाट्याची पाठ आणि चिखल येतो. काठावर बसून, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणला तर तोच शेकाट्या लांब गुलाबी पायांसकट उभा राहतो आणि खाली त्याचे प्रतिबिंब येते. फोकस नेहमी डोळ्यावर. चोच धूसर असली तरी चालते, डोळा धूसर झाला की फोटो निर्जीव वाटतो.

पुण्याच्या नदीवर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शेकाटे आणि धोबी मोठ्या संख्येने दिसले म्हणजे नदी निरोगी आहे असे नव्हे. सांडपाण्यामुळे चिखलात किड्यांच्या अळ्या माजतात आणि त्यांवर जगणारे पक्षी तिथे जमतात. जलपर्णीचेही तसेच. तिचे फिकट जांभळे तुरे सुंदर दिसतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेची असून सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. पाण्यावर तिचे जाड आच्छादन झाले की खाली उजेड पोचत नाही आणि प्राणवायू घटतो. देखण्या चौकटीखाली तारीख, जागा आणि पाण्याचा रंग-वास यांची एक ओळ लिहिली, तर त्या फोटोचा अर्थ बदलतो.

पानाखालचे जग

टेकडीवरची रुई हे बारकाईने पाहायला शिकवणारे झुडूप. तिच्या पानांवर प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू अंडी घालते. अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. रुईच्या चिकातले विषारी अंश अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. याचा फायदा दुसरे एक फुलपाखरू घेते. डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराची मादी स्वतः बेचव नसताना हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. नर मात्र काळा, पांढरे मोठे ठिपके असलेला. दोन्ही केशरी फुलपाखरांतला फरक मागच्या पंखांवर आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला पंखाच्या वरच्या कडेशी एकच ठिपका असतो. पंख अर्धवट झाकलेला एकच फोटो असेल, तर जाणकारही ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून फुलपाखराचे दोन फोटो हवेत, एक पंख उघडे असताना वरून आणि एक पंख मिटलेले असताना बाजूने.

झाडांसाठी हाच नियम जरा वाढवावा लागतो. नुसत्या फुलाच्या फोटोवरून झाड ओळखणे अवघड जाते. पूर्ण झाडाचा आकार, साल, पानांची फांदीवरची मांडणी, पानाची मागची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ असल्यास फळ इतके घेतले तर शंका राहत नाही. शेजारी नाणे किंवा पेन ठेवले की आकारमान कळते. या शिस्तीने काय उभे राहू शकते, हे श्रीकांत इंगळहळीकर यांच्या कामातून दिसते. पेशाने अभियंता असलेल्या इंगळहळीकरांनी सह्याद्रीतली फुले टिपत ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक २००१ साली सिद्ध केले. आज वनस्पतिशास्त्र न शिकलेला माणूसही ते पिशवीत घेऊन टेकडीवर जातो.

लहान जिवांचे फोटो काढताना वारा हा मोठा शत्रू. सकाळी लवकर वारा पडलेला असतो. शिवाय थंडीने फुलपाखरे व चतुर गारठलेले असतात आणि पंख तापेपर्यंत जागचे हलत नाहीत. फोनची सावली त्यांच्यावर पडली तर मात्र ते उडतात. म्हणून सूर्याच्या आड न येता, बाजूने आणि हळू पुढे सरकावे.

नाव, तारीख, ठिकाण

फोटोचा उपयोग तो शोधता येण्यावर अवलंबून असतो. फोनमधल्या हजारो फोटोंत तो हरवला की काढला काय न काढला काय, सारखेच. प्रत्येक फोटोत तारीख, वेळ आणि स्थानसेवा चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. ती टिकवायची तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

नोंदी सार्वजनिक करण्यासाठी तीन मंच भारतात रुळले आहेत. पक्ष्यांसाठी २००२ साली अमेरिकेतील कॉर्नेल लॅब आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी सुरू केलेले ईबर्ड. सर्व सजीवांसाठी आयनॅचरलिस्ट, ज्याची सुरुवात २००८ मध्ये बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. आणि २००८ मध्येच सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला की संगणक नाव सुचवतो. ते सुचवलेले नाव अंतिम मानू नये. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक लोक एका प्रजातीवर सहमत झाले, फोटोला तारीख व ठिकाण असले आणि जीव रानातला असला, तरच ती नोंद संशोधनयोग्य दर्जाला जाते. बागेत लावलेले झाड ‘लागवडीचे’ अशी खूण करून टाकायचे असते. नवखे इथेच चुकतात आणि एम्प्रेस गार्डनमधले परदेशी झाड पुण्याच्या रानातले ठरते.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जागतिक पक्षिगणना होते. घराच्या गच्चीतून किंवा सोसायटीच्या बागेतून पंधरा मिनिटे पक्षी मोजले तरी तिच्यात भाग घेता येतो. पुण्यात तेव्हा हिवाळी पाहुणे अजून असतात, त्यामुळे हा मुहूर्त सोयीचा पडतो. एप्रिलअखेरीस होणारे सिटी नेचर चॅलेंज मात्र दख्खनच्या भर उन्हाळ्यात येते. बहावा आणि गुलमोहर सोडले तर टेकडी तेव्हा करपलेली असते.

पथ्ये

काही गोष्टी कटाक्षाने टाळायच्या असतात. घरट्याचा फोटो काढू नये. माणूस वारंवार जवळ आला की पक्षी घरटे सोडतात आणि माणसाच्या मागावर कावळे अंड्यांपर्यंत पोचतात. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावू नये. विणीच्या दिवसांत तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून नर आपली शक्ती व्यर्थ घालवतो. शेव-पाव टाकून पक्षी जमवू नयेत. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवावा, कारण त्याखाली कुणाचे तरी घर असते. घुबडाची दिवसाची बसायची जागा किंवा दुर्मीळ फुलाचा नेमका ठावठिकाणा जाहीर करू नये. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींचे स्थान आपोआप धूसर केले जाते आणि इतर नोंदींसाठी तशी निवड हाताने करता येते.

नदीकाठ ही माणसांचीही जागा आहे. कपडे धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या किंवा दशक्रियेसाठी आलेल्या लोकांकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारावे. पुण्यात लष्करी हद्द अनेक ठिकाणी आहे. तिथे आणि धरणांवर छायाचित्रणाला मनाई असते. ड्रोनला वेगळे नियम लागू आहेत. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की मुठेचे पाणी झपाट्याने चढते आणि नदीपात्रातला रस्ता व भिडे पूल पाण्याखाली जातात. क्युसेकचा आकडा बातम्यांत आला की पात्रात उतरायचे नाही. टेकडीवरच्या गवतात व दगडांत घोणस आणि फुरसे असतात. पायात बूट हवेत आणि फुलाजवळ फोन नेण्याआधी भोवतीचे गवत डोळ्यांखालून घालावे.

साठत जाणारा पुरावा

एकाच जागेचे फोटो सातत्याने काढण्याची एक साधी रीत आहे. पुलाचा कठडा, घाटाची पायरी, टेकडीवरचा खडक अशी न हलणारी जागा निवडायची. दर महिन्याला तिथेच उभे राहून, त्याच दिशेला, झूम न करता एक फोटो घ्यायचा. आकाश किती आणि काठ किती येतो हे पहिल्या फोटोशी ताडून पाहायचे. वर्षभरात पाण्याची पातळी, जलपर्णीची वाढ, काठावरचे बांधकाम, तुटलेली आणि नव्याने आलेली झाडे हे सारे त्यातून वाचता येते.

पुण्यात या रीतीला आज विशेष महत्त्व आहे. महानगरपालिकेचा सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठाचा नदी सुधारणा प्रकल्प सुरू आहे. काठ लोकांसाठी खुला व नेटका होईल, असे त्याचे समर्थक सांगतात. झाडे, पूररेषा आणि पाणथळ जागा यांवर घाला येईल, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. जीवितनदीसारख्या संस्था अनेक वर्षे नागरिकांना काठावर चालायला नेतात. वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी आधी तिथे काय होते हे दाखवायला तारीख-ठिकाणासह काढलेले फोटो लागतील. ते व्यावसायिकांकडून येण्याची शक्यता कमी, रोज फिरणाऱ्यांकडून जास्त.

या पुराव्याच्या मर्यादाही आहेत. लोक सुट्टीच्या दिवशी आणि सोयीच्या वाटांनी जास्त फिरतात, म्हणून नोंदी तिथल्याच जास्त होतात. रंगीत आणि मोठे जीव टिपले जातात, तर तपकिरी पतंग, गवताचे प्रकार, शेवाळे मागे राहतात. एखाद्या महिन्यात चक्रवाकाचा फोटो नसेल, तर तो पक्षी नव्हता की माणूस गेला नव्हता हे फोटोवरून कळत नाही. म्हणून फोटोंसोबत फेरीची छोटी नोंद ठेवावी. कुठून कुठे चालले, किती वेळ, काय दिसले आणि नेहमीचे काय दिसले नाही, इतके लिहिले तरी पुरते. ईबर्डवरची यादी नेमकी याच तत्त्वावर बेतलेली आहे. दिसलेले आणि ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का, असा प्रश्न ती दर वेळी विचारते. होकार असेल तरच यादीत नसलेल्या पक्ष्याबद्दलही काही अनुमान काढता येते.